विश्लेषण : नवे छप्पर घालूनही घर का गळते? बर्फाळ प्रदेशात छप्पर बदलण्यापूर्वी काय तपासायचे?

कोकणात पावसाळ्याआधी कौले शाकारली जातात. अमेरिकेच्या ईशान्य भागात हीच लगबग हिवाळ्याआधी असते. बोस्टन आणि त्याच्या आसपासच्या उपनगरांत अनेक मराठी कुटुंबांनी घरे घेतली आहेत. यातली बरीच घरे जुनी, लाकडी सांगाड्याची, उतरत्या छपराची. अशा घराचे छप्पर साधारण २० ते २५ वर्षांनी बदलावे लागते. घराच्या आकारानुसार त्यासाठी १५ ते ३० हजार डॉलर सहज लागतात. एवढा खर्च करूनही पुढच्याच हिवाळ्यात बेडरूमच्या छताला तपकिरी डाग पडतो, तेव्हा घरमालक कंत्राटदाराला दोष देतो. कधी तो दोष खराही असतो. पण बर्फाळ प्रदेशात गळतीचे मूळ अनेकदा छपराच्या खाली, पोटमाळ्यात असते.

छप्पर बदलण्याची संधी एका घरमालकाच्या आयुष्यात एकदा, फार तर दोनदा येते. त्यामुळे नियोजन कुठून सुरू करायचे, कोटेशनमध्ये काय वाचायचे आणि करारात काय लिहून घ्यायचे, हे आधीच माहीत असलेले बरे.

बर्फाचा बांध म्हणजे काय?

हिवाळ्यात घराच्या कडेला लटकणारे बर्फाचे सुळे फोटोत छान दिसतात. प्रत्यक्षात तो धोक्याचा इशारा असू शकतो.

घरात हीटिंग सुरू असते. गरम हवा वर जाते आणि फटींतून पोटमाळ्यात शिरते. तिथून छपराची फळी तापते. बाहेर तापमान शून्याखाली असले, तरी छपराला टेकलेला बर्फाचा खालचा थर वितळू लागतो. वरचा बर्फ दुलईसारखे काम करतो, त्यामुळे ही ऊब आत कोंडून राहते.

वितळलेले पाणी उतारावरून खाली येते. मात्र छपराची भिंतीबाहेर आलेली कड थंडच असते, कारण तिच्याखाली गरम खोली नसते. पाणी तिथे पोहोचले की पुन्हा गोठते. रोज थोडा थोडा थर चढत जातो आणि कडेला बर्फाचा बांध तयार होतो. त्यामागे पाणी तुंबते.

कौले काय किंवा अमेरिकेतले डांबरी शिंगल काय, दोन्हींचे तत्त्व एकच आहे. वरचा तुकडा खालच्या तुकड्यावर चढवलेला असतो आणि पाणी खालीच वाहणार, असे त्यात गृहीत धरलेले असते. बांधामागे तुंबलेले पाणी मात्र मागे, वरच्या दिशेने सरकते आणि शिंगलच्या खाली शिरते. तिथून फळी, मग उष्णतारोधक थर, मग भिंत आणि छत. म्हणूनच ही गळती पावसात दिसत नाही. ती हिमवर्षावानंतर दोन-चार दिवसांनी, अनेकदा लख्ख ऊन असताना दिसते.

२०१४-१५च्या हिवाळ्यात बोस्टनमध्ये १०८ इंचांहून अधिक, म्हणजे नऊ फुटांच्या वर बर्फ पडला. शहराच्या नोंदींमधला तो विक्रम आहे. त्या वेळी मॅसॅच्युसेट्समध्ये असंख्य घरांत बर्फाच्या बांधामुळे पाणी शिरले, काही इमारतींची छपरे कोसळली.

मग नवे शिंगल घातले की प्रश्न सुटतो का?

एकट्या शिंगलने सुटत नाही. शिंगल जुने असो वा नवे, खालून येणारी ऊब थांबली नाही तर बांध पुन्हा तयार होतो. त्यामुळे नियोजनाचा क्रम महत्त्वाचा ठरतो. आधी पोटमाळ्यातल्या फटी बुजवायच्या, मग उष्णतारोधक थर वाढवायचा, मग हवा खेळती ठेवायची. शिंगलचा रंग आणि प्रकार त्यानंतर.

आपल्या घरातून ऊब निसटते आहे का, हे पाहण्याची सोपी पद्धत आहे. बर्फ पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी रस्त्यावर उभे राहून शेजारच्या आणि आपल्या छपराची तुलना करायची. बाकीची छपरे पांढरी आणि आपल्या छपरावर मध्येच काळे पट्टे दिसत असतील, तर त्या पट्ट्यांखाली गळती आहे, पण ती उबेची.

फटी नेमक्या कुठे असतात?

पोटमाळ्याचे झाकण, छतात बसवलेले दिवे, धुराड्याभोवतीची मोकळी जागा, पाण्याचे पाइप आणि वायरी वर जातात ती भोके, ही नेहमीची ठिकाणे. धुराड्याभोवतीची फट साध्या फोमने बुजवू नये. तिथे पत्रा आणि आगरोधक सीलंटच वापरावे लागते.

बाथरूमचा एक्झॉस्ट पंखा पोटमाळ्यातच सोडलेला असणे, ही जुन्या घरांतली सर्रास आढळणारी चूक. आंघोळीची वाफ थंड फळीवर जाऊन गोठते, तिचे दव होते आणि ऊन पडले की ते ठिबकते. घरमालकाला वाटते छप्पर गळते आहे. पंख्याची नळी छपरातून किंवा भिंतीतून थेट बाहेर काढणे हे काम छप्पर बदलतानाच उरकता येते.

पोटमाळ्यात करड्या-सोनेरी, अभ्रकासारख्या चमकत्या बारीक दाण्यांचा थर दिसला, तर त्याला हात लावू नये. तो व्हर्मिक्युलाइट असू शकतो आणि त्यात ॲस्बेस्टॉस मिसळलेला असण्याची शक्यता असते. आधी तज्ज्ञाकडून तपासणी, मग पुढचे काम.

उष्णतारोधक थर किती हवा?

हा थर ‘आर’ या एककात मोजतात. आकडा जितका मोठा, तितकी उष्णता कमी निसटते. थंड प्रदेशात पोटमाळ्यासाठी आर-४९ ते आर-६० ची शिफारस केली जाते. कागदी लगद्यापासून केलेला सेल्युलोज फुंकून भरला, तर आर-४९ साठी साधारण १४ इंचांचा थर लागतो. जुन्या घरांत तो अनेकदा तीन ते सहा इंचच असतो.

फटी बुजवण्याआधी थर फुंकला, तर फटी त्याखाली झाकल्या जातात आणि नंतर सापडत नाहीत. म्हणून क्रम उलटा करू नये.

मॅसॅच्युसेट्समध्ये वीज आणि गॅस कंपन्यांच्या ‘मास सेव्ह’ या कार्यक्रमातून घराची ऊर्जा तपासणी मोफत होते आणि पात्र घरांना या कामासाठी मोठी सवलत मिळते. इन्सुलेशनसाठी मिळणारी केंद्रीय करसवलत मात्र २०२५ अखेर बंद झाली आहे. जुनी माहिती दाखवून कोणी ती सवलत गृहीत धरायला सांगत असेल, तर सावध राहावे.

हवा कशी खेळती ठेवतात?

खाली वळचणीतून थंड हवा आत यावी आणि वर आढ्यावरच्या फटीतून बाहेर जावी, अशी रचना असते. त्यामुळे छपराची फळी बाहेरच्या हवेइतकीच थंड राहते आणि बर्फ खालून वितळत नाही.

अमेरिकेतील निवासी बांधकाम संहितेनुसार पोटमाळ्याच्या क्षेत्रफळाच्या १५०व्या भागाइतकी मोकळी जागा हवेसाठी लागते. वरची आणि खालची जागा समतोल असणे आणि अतिथंड भागात वाफरोधक थर असणे, अशा अटी पाळल्या तर ३००वा भागही चालतो. म्हणजे १,२०० चौरस फुटांच्या पोटमाळ्याला चार चौरस फूट, त्यात साधारण निम्मी वळचणीत आणि निम्मी आढ्यावर.

कागदावर हे सोपे दिसते. प्रत्यक्षात आढ्यावर नवी फट ठेवली जाते आणि वळचणीतली भोके जुन्या इन्सुलेशनने बुजलेलीच राहतात. मग आढ्यावरची फट घरातलीच गरम हवा वर खेचते आणि परिणाम उलटा होतो. म्हणून प्रत्येक दोन वाशांमध्ये हवेची वाट मोकळी ठेवणारी पन्हळीसारखी पट्टी बसवली जाणार का, हे विचारून घ्यावे.

ज्या घरांना पोटमाळाच नाही, त्यांचे काय?

न्यू इंग्लंडमध्ये ‘केप’ पद्धतीची घरे खूप आहेत. त्यात वरच्या मजल्याचे छत छपराच्या उतारालाच लागून असते. वाशांमधल्या अरुंद जागेत ना पुरेसा थर मावतो, ना हवेची वाट राहते. बर्फाचे बांध अशा घरांना अधिक सतावतात.

या घरांसाठी छप्पर बदलण्याची वेळ मोलाची असते. जुने शिंगल निघाले की फळीच्या वरून कडक फोमचे तक्ते घालून त्यावर नवी फळी आणि शिंगल बसवता येतात. खर्च बराच वाढतो, कडेची आणि पन्हळीची रचनाही बदलावी लागते. पण ही संधी गेली, तर पुढची २०-२५ वर्षांनी येते.

शिंगलच्या खाली काय घालतात?

दोन कोटेशनमध्ये खरा फरक इथे असतो.

फळीवर आधी चिकट डांबरी पडदा घातला जातो. कंत्राटदार त्याला ‘आइस अँड वॉटर शील्ड’ म्हणतात. पाणी शिंगलखाली शिरलेच, तर ते फळीपर्यंत पोहोचू न देणे हे त्याचे काम. खिळा त्यातून आरपार गेला तरी तो खिळ्याभोवती घट्ट बसतो.

संहितेनुसार हा पडदा छपराच्या कडेपासून सुरू होऊन बाहेरच्या भिंतीच्या रेषेच्या आत किमान २४ इंच गेला पाहिजे. इथे एक हिशेब करून पाहण्यासारखा आहे. समजा, छप्पर भिंतीबाहेर १८ इंच आले आहे. १८ अधिक २४ म्हणजे ४२ इंच, पण हे आडवे अंतर झाले. १२ इंचांत सहा इंच चढणाऱ्या उतारावर तेच अंतर सुमारे ४७ इंच भरते. पडद्याच्या रोलची रुंदी मात्र सहसा ३६ इंच असते. म्हणजे एक पट्टा पुरत नाही, दोन लागतात.

कोटेशनमध्ये ‘कडेला तीन फूट’ एवढेच लिहिले असेल, तर ते अशा घराला अपुरे आहे. ‘कडेला सहा फूट, दोन पट्टे’ असे स्पष्ट लिहून घ्यावे. दोन पाखी मिळतात त्या खाचेत, धुराड्याभोवती आणि स्कायलाइटभोवतीही हा पडदा हवा.

धुराडे उताराला आडवे ३० इंचांपेक्षा रुंद असेल, तर त्याच्या मागे पाणी आणि बर्फ दोन्ही बाजूंना वळवणारे छोटे छप्पर करावे लागते. भिंत आणि छप्पर मिळते तिथले पत्रे नवे घालणार की जुन्यांवरच भागवणार, हाही विचारायचा प्रश्न. अनेक ‘नव्या’ छपरांची गळती या जुन्या पत्र्यांपाशीच सुरू होते.

जुन्या शिंगलवरच नवे घातले तर?

पैसे वाचतात, म्हणून हा पर्याय सुचवला जातो. आधीचा एकच थर असेल, तर काही अटींवर त्याला परवानगीही असते. दोन थर असतील, तर ते काढावेच लागतात.

बर्फाळ प्रदेशात मात्र एक थर असला तरी तो काढणेच शहाणपणाचे. जुना थर तसाच राहिला, तर चिकट पडदा फळीला लावता येत नाही. फळी कुठे कुजली आहे तेही कळत नाही. शिवाय जुन्या थराचे वजन कायमचे छपरावर राहते.

बर्फाचे वजन किती असते?

साधारण १० ते १२ इंच ताजा, भुसभुशीत बर्फ दर चौरस फुटाला पाच पाउंड, म्हणजे चौरस मीटरला सुमारे २४ किलो भरतो. दबलेला जुना बर्फ तीन ते पाच इंच असला तरी तेवढेच वजन होते आणि घट्ट गोठलेला बर्फ तर जेमतेम एक इंच पुरतो. १५० चौरस मीटर छपरावर फूटभर ताजा बर्फ म्हणजे साधारण साडेतीन टन. त्यावर पाऊस पडला, की बर्फ स्पंजसारखे पाणी शोषतो आणि वजन झपाट्याने वाढते.

छप्पर मध्ये दबलेले दिसत असेल, वाशांना तडे असतील किंवा हिवाळ्यात वरच्या मजल्याची दारे अचानक अडकू लागत असतील, तर काम सुरू होण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनीअरला दाखवावे. छपरावर सोलर पॅनेल बसवायचा विचार असेल, तर तोही याच वेळी सांगावा. छपराचे आयुष्य दहा वर्षांपेक्षा कमी उरले असेल, तर आधी छप्पर आणि मग पॅनेल हा क्रम स्वस्त पडतो.

धातूचे छप्पर घ्यावे का?

उभ्या जोडांचे धातूचे छप्पर ४० वर्षांहून अधिक टिकते आणि त्यावरून बर्फ घसरून जातो. पण तो एकदम, मोठ्या लादीसारखा घसरतो. खाली दार, पायऱ्या, गाडी किंवा शेजाऱ्याची वाट असेल, तर बर्फ अडवणारे खुंट बसवावेच लागतात. सुरुवातीचा खर्च शिंगलच्या दुप्पट किंवा त्याहूनही अधिक होऊ शकतो. घरात दीर्घकाळ राहायचे असेल, तरच हे गणित जुळते. पोटमाळ्यातली ऊब थांबवणे मात्र इथेही टळत नाही.

काम कोणत्या महिन्यात करावे?

मे ते ऑक्टोबर हा चांगला काळ. शिंगलच्या खालची डिंकाची पट्टी उन्हाने तापून खालच्या शिंगलला चिकटते. तापमान साधारण चार-पाच अंश सेल्सिअसच्या खाली गेले, की ती नीट चिकटत नाही. चिकट पडद्याचेही तसेच. थंडीत काम करावेच लागले, तर प्रत्येक शिंगल हाताने सीलंट लावून बसवावे लागते.

यासाठी फेब्रुवारी-मार्चमध्ये बांध आणि डागांचे फोटो काढून ठेवावेत, एप्रिलमध्ये पोटमाळ्याची तपासणी करून घ्यावी, मेपर्यंत तीन कोटेशन घ्यावीत आणि उन्हाळ्यात काम उरकावे. ऑक्टोबरमध्ये पहिली थंडी पडल्यावर सगळेच फोन करतात.

करारात काय असावे?

छपराचे मोजमाप ‘स्क्वेअर’मध्ये होते. एक स्क्वेअर म्हणजे १०० चौरस फूट. तिन्ही कोटेशनमध्ये स्क्वेअरचा आकडा जवळपास सारखा हवा. मोठा फरक असेल, तर कोणीतरी नीट मोजलेले नाही.

कुजलेल्या फळीचा दर आधी ठरवावा. जुने शिंगल निघाल्यावर ‘आणखी २० तक्ते बदलावे लागतील’ असे सांगितले जाते, तेव्हा घरमालकाच्या हातात काही उरलेले नसते. प्रति तक्ता दर करारातच लिहिलेला असावा आणि बदललेल्या प्रत्येक तक्त्याचा फोटो मागावा.

मॅसॅच्युसेट्समध्ये एक हजार डॉलरहून अधिक रकमेच्या घरदुरुस्तीसाठी लेखी करार आणि कंत्राटदाराची राज्याकडे नोंदणी आवश्यक आहे. आगाऊ रक्कम करारातील एकूण रकमेच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त घेता येत नाही. खास मागवलेल्या साहित्याची किंमत त्याहून अधिक असेल, तेवढाच अपवाद. बांधकाम परवाना कंत्राटदारानेच काढावा. ‘तुमच्या नावाने काढा, लवकर मिळेल’ असे सांगून घरमालकाला तो काढायला लावला, तर फसवणूक झाल्यास राज्याच्या हमी निधीतून भरपाई मिळण्याचा हक्क जातो.

कामगारांचा विमा आणि दायित्व विमा, दोन्हींची प्रमाणपत्रे विमा एजंटकडून थेट मागवावीत. वादळानंतर दारावर येऊन ‘आजच सही करा’ म्हणणाऱ्यांपासून सावध राहावे. घरी येऊन केलेल्या अशा विक्रीचा करार तीन कामकाजी दिवसांत रद्द करण्याचा हक्क अमेरिकी केंद्रीय नियम देतात.

हमी आणि विमा कशाला लागू होतात?

शिंगलच्या पाकिटावरची ‘लाइफटाइम’ हमी मुख्यतः उत्पादनातील दोषांसाठी असते. बर्फाच्या बांधामुळे झालेले नुकसान त्यातून बहुधा वगळलेले असते. पोटमाळ्यात हवा पुरेशी खेळती नसेल, तर कंपनी दावा नाकारू शकते. त्यामुळे कंत्राटदाराची कामाची हमी किती वर्षांची, हे वेगळे विचारावे.

घराच्या विम्याचेही तसेच. बांधामुळे आत शिरलेल्या पाण्याचे नुकसान अनेक पॉलिसींत भरून मिळते, पण झिजलेले छप्पर बदलून मिळत नाही. छप्पर जुने असेल, तर काही पॉलिसी नव्या छपराची किंमत न देता घसारा वजा करून रक्कम देतात. नेमकी अट कोणती, हे हिवाळ्यापूर्वी पाहून ठेवावे.

यंदाचा हिवाळा तोंडावर असेल तर?

छप्पर पुढच्या उन्हाळ्यावर ढकलावे लागले, तरी पोटमाळ्यातले काम आतून होते आणि ते थंडीतही करता येते. झाकणाभोवती रबराची पट्टी लावणे, फटी बुजवणे, बाथरूमच्या पंख्याची नळी बाहेर काढणे, एवढ्यानेही बांधाचे प्रमाण कमी होऊ शकते.

बर्फ पडल्यावर लांब दांड्याच्या फावड्याने जमिनीवर उभे राहूनच कडेचा तीन-चार फूट बर्फ ओढून काढावा. वर विजेच्या तारा नाहीत, हे आधी पाहावे. छपरावर चढू नये, कुऱ्हाडीने किंवा हातोड्याने बांध फोडू नये. त्याने शिंगलही फुटतात. पाणी आत येऊ लागलेच, तर पायमोज्यात कॅल्शियम क्लोराइड भरून तो बांधावर आडवा न ठेवता उभा, कडेबाहेर येईल असा ठेवतात. बर्फात वाट तयार होते आणि तुंबलेले पाणी बाहेर पडते. साधे मीठ वापरू नये, ते झाडे आणि पत्रे खराब करते. हीटिंगच्या धुराची नळी बर्फाने बुजलेली नाही, हेही रोज पाहावे. ती बुजली तर कार्बन मोनॉक्साइड घरात साचतो आणि तो जिवावर बेततो.

वसंतात कंत्राटदार छप्पर पाहायला येईल, तेव्हा एक गोष्ट बघावी. तो फक्त बाहेरून मोजमाप घेऊन, शिंगलच्या रंगांचा तक्ता दाखवून निघाला, की शिडी लावून पोटमाळ्यातही डोकावला? जो आत डोकावला, त्याचे कोटेशन आधी वाचावे.